अठ्ठ्याहत्तर टक्के आधीच जमा

हवा ही वस्तू मराठी माणसानं आजवर नाना प्रकारे वापरली आहे. तो हवा खातो, हवापालटासाठी पाचगणीला जातो, निवडणुकीत कुणाची हवा आहे हे पानाच्या टपरीवर उभा राहून ठरवतो, आणि शेजाऱ्याचा मुलगा परदेशी गेला की त्याच्या डोक्यात हवा गेल्याचं निदान घरबसल्या करतो. पण एवढं सगळं करताना त्यानं हवेला पैसे मोजल्याचं ऐकिवात नाही. पाचगणीतसुद्धा तो भाडं देतो ते खोलीचं. हवा खोलीबरोबर येते. लहानपणी सायकलच्या दुकानात दहा पैसे दिले असतील, तर ते पंप मारणाऱ्या पोराच्या दंडाचे. स्वतः पंप मारला तर तेही नाहीत.

अशा ह्या माणसाला कुणी हवा विकून दाखवील, आणि तीही पिंपरी-चिंचवडात, जिथं अर्धी वस्ती मोटारी बनवते आणि उरलेली अर्धी मोटारीच्या कर्जाचे हप्ते भरते, असं कुणी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी त्याला 'पुढच्या काउंटरला विचारा' म्हणून वाटेला लावलं असतं.

पण विकतात. नाशिक फाट्यावरून निघा आणि भोसरी, मोशी करत चाकणपर्यंत जा. डाव्या-उजव्या हाताला पाट्या दिसतील : 'येथे नायट्रोजन भरून मिळेल'. अक्षरं हिरवी. हिरवा रंग पाहिला की आपल्याला शुद्धतेची खात्री पटते, मग ती पाटी तुपाची असो की टायरची. ह्याच पाटीच्या मागे कुठेतरी साध्या हवेचं यंत्र असतं. त्यावर पोतं पांघरलेलं असतं, आणि पोत्यावर खडूनं लिहिलेलं असतं : 'मशीन बंद आहे'. मी कोणत्याही पंपाचं नाव घेणार नाही. एकाचं घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

विषय शास्त्रीय आहे आणि मी बी. कॉम. आहे, ह्याची मला पूर्ण जाणीव आहे. पण विकत घेतलेल्या मालात माल किती आणि हवा किती, हे पाहणं वाणिज्य शाखेच्याच अखत्यारीत येतं. तेव्हा आपण हवेचं खातं उघडू. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला नत्रवायू. २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे प्राणवायू. उरलेल्या एका टक्क्यात आरगॉन वगैरे मंडळी. आम्ही बँकेत त्यांना 'संकीर्ण' म्हणतो. ह्याचा अर्थ असा की तुमच्या गाडीत साधी हवा भरलेली असते तेव्हाच चारही खात्यांत ७८ टक्के नत्रवायू जमा असतो. उद्या आमच्या बँकेनं तुमचेच ७८ रुपये मोजून तुमच्या हातात ठेवले आणि वर शंभराची पावती फाडली, तर तुम्ही मॅनेजरच्या केबिनचं दार न ठोठावता आत शिराल. टायरच्या बाबतीत मात्र तुम्ही पावतीसुद्धा मागत नाही!

परवा श्रावणात एका पंपावर झालेलं संभाषण जसंच्या तसं देतो.

"काका, नायट्रोजन टाकू का?"

"साधी हवा टाक की."

"मशीन बंद आहे."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून."

"आणि तू कधी आलास?"

"दिवाळीत."

"बरं, हा नायट्रोजन कुठून आणता रे तुम्ही?"

"आणत नाही काका, मशीनच बनवतं."

"कशातून?"

पोरानं एकदा आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "हवेतून."

पोरगं प्रामाणिक होतं. ह्या धंद्यात त्याचं कसं होणार ही काळजी मला अजून आहे. पण त्यानं सांगितलं ते शंभर टक्के खरं. हे यंत्र आजूबाजूची हवा ओढून घेतं, दाबाखाली गाळतं, प्राणवायू बाजूला काढतं आणि साधारण ९५ टक्के नत्रवायू पुढे पाठवतं. म्हणजे साधी हवा द्यायचं यंत्र बंद आहे, पण साधी हवा घ्यायचं यंत्र व्यवस्थित चालू आहे. इतका सोयीचा बिघाड मी आमच्या एटीएममध्येसुद्धा पाहिलेला नाही.

आता ह्या ९५ टक्क्यांचं टायरमध्ये गेल्यावर काय होतं ते बघा. समजा, टायरमध्ये २८ पौंड हवा आहे आणि ती ३३ करायची आहे. वरचे ५ पौंड तुम्ही नायट्रोजनचे घेतलेत. घरी आमच्या चिरंजीवांना, जे अकरावी सायन्सला आहेत, मी हे गणित घातलं. बाहेरच्या वातावरणाचा दाबसुद्धा हिशोबात धरावा लागतो असं त्यांनी बापाला सुनावलं, तोही धरला. उत्तर आलं : टायरमधला नत्रवायू ७८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेला. फक्त दोन टक्के. आमच्या बचत खात्यावरच्या व्याजाला तुम्ही उगीचच नावं ठेवता! बरं, सगळी हवा सोडून नव्यानं भरली, तरी सपाट टायरमध्ये बाहेरच्याइतकी हवा राहतेच. एका भरण्यात मजल जाते नव्वदच्या आसपास. पुरा ९५ हवा असेल तर भरा, सोडा, पुन्हा भरा, पुन्हा सोडा. इतका वेळ पंपावर कुणाला असतो? मागचा रिक्षावाला तोवर आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा होतो.

तरीही नत्रवायूचा पंथ वाढतो आहे, आणि त्याचे प्रचारक आपल्या घरातच असतात. आमचे साडू त्यातले. त्यांच्या गाडीच्या चारही व्हॉल्व्हना हिरव्या टोप्या आहेत आणि त्या दिसाव्यात म्हणून ते गाडी नेहमी आडवी लावतात. त्यांचा पहिला मुद्दा विमानाचा. "अहो, विमानात नायट्रोजन घालतात. विमानवाले मूर्ख आहेत का?"

मुळीच नाहीत. विमानाचं टायर उंचावर कडाक्याच्या थंडीत असतं. आत ओलावा असेल तर त्याचा बर्फ होतो. उतरताना ब्रेक भट्टीसारखे तापतात, आणि तापलेल्या बंदिस्त जागी प्राणवायू असणं म्हणजे गवताच्या गंजीत विडी ओढणं. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एक बोईंग ७२७ विमान कोसळलं आणि १६७ माणसं गेली. त्याच्या चाकात नत्रवायूऐवजी साधी हवा होती, ब्रेक तापून टायरचा आतल्या आत स्फोट झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान खात्यानं ब्रेक असलेल्या चाकांना नत्रवायू सक्तीचा केला. तिथं हा वायू माणसं वाचवतो. त्याबद्दल त्याला माझा नमस्कार.

पण साडूंची गाडी अजून उडत नाही. ती मोशीत पहिल्या आणि दुसऱ्या गियरच्या मध्ये कुठेतरी असते. १६६० साली शाहिस्तेखानाला चाकणचा किल्ला घ्यायला पन्नासहून अधिक दिवस लागले, ते फिरंगोजी नरसाळ्यानं तो शर्थीनं लढवला म्हणून. आज संध्याकाळी कंपन्या सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहिलं, की खानाला कूच करून पुढे सरकायलाच तेवढे दिवस लागले असावेत अशी शंका येते. त्या चौकात ताशी पाच किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीला विमानाचा वायू म्हणजे बैलगाडीला वैमानिक.

दुसरा मुद्दा आमच्या हेडकॅशियर साहेबांचा. "नायट्रोजन तापत नाही हो, त्यामुळे टायर फुगत नाही." आता टायर रस्त्यावर घासून तापतं, वाकून-वळून तापतं, आत कोण बसलंय ह्याची त्याला पर्वा नसते. आणि कोरडा वायू तापला की त्याचा दाब वाढतो. मग तो नत्रवायू असो, प्राणवायू असो की दोघांची भागीदारी असो. २५ अंशाला ३३ पौंड असलेलं टायर ६५ अंशाला ३९ पौंडांच्या वर जातं, दोन्ही बाबतीत सारखंच. फरक पडतो तो ओलाव्यानं. ज्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी महिनोन् महिने कुणी सोडत नाही, तो हवेबरोबर पाणीही भरतो. त्यावर उपाय टाकीची तोटी सोडणं हा आहे. त्याला खर्च नाही, म्हणूनच बहुधा तो कुणाला सुचत नाही.

तिसरा मुद्दा झिरपण्याचा, आणि तो खरा आहे. रबरातून प्राणवायू नत्रवायूपेक्षा लवकर निसटतो. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' नावाचं ग्राहकांचं मासिक आहे. त्यांनी २००७ साली ह्याचा निकाल लावला. ३१ प्रकारची टायरं जोडीजोडीनं घेतली, एकात हवा, एकात नत्रवायू, दोन्हींत ३० पौंड, आणि वर्षभर उघड्यावर ठेवून दिली. वर्षानं हवेची टायरं सरासरी साडेतीन पौंड उतरली, नत्रवायूची २.२ पौंड. फरक : सव्वा पौंडाच्या किंचित वर, तोही बारा महिन्यांत.

इथं माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा होतो. आमच्या रस्त्यावरचा भाव असा : पहिल्या भरणीला टायरमागे ५० रुपये, नंतर दर खेपेला २०. महिन्याला एक खेप धरली तर वर्षाचे टायरमागे २९० रुपये. मासिकवाल्यांचा फरक १.३ पौंड. भागाकार केला की पौंडाला २२३ रुपये पडतात. एवढा भाव चाकणच्या बाजारात कांद्याला मिळाला असता, तर तिथल्या शेतकऱ्यानं कारखान्यांना जमिनी दिल्याच नसत्या. आणि खरी गंमत पुढेच आहे. हवेतला प्राणवायू आधी निसटतो, म्हणजे टायरात मागे उरतो तो नत्रवायूच. तुम्ही वर साधी हवा भरत राहिलात, तर टायर हळूहळू आपसूक नत्रवायूचं होत जातं. ज्याला जायचं तो जातो, राहायचा तो राहतो. आमच्या शाखेतल्या बदल्यांसारखंच.

चौथा मुद्दा मायलेजचा. मायलेज वाढतं ते टायरमध्ये पुरेसा दाब असल्यानं. दाब कुणी दिला हे इंजिनाला कळत नाही. हा मुद्दा मांडणारे गृहस्थ वर्षभर हवा बघत नाहीत, मग पंपावर जाऊन २४ पौंडांवर आलेल्या टायरात ३३ पौंड नायट्रोजन भरून घेतात आणि घरी येऊन सांगतात, "गाडी कशी पाण्यासारखी चालते!" नऊ पौंड साध्या हवेनंही ती तशीच चालली असती, पण मग सांगायला काय राहिलं असतं?

नावाचा महिमा असतो. आम्हाला पूर्वी कारकून म्हणत. आता बँकेत त्याच खुर्चीला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. खुर्ची तीच, रांग तीच, आतली हवा तीच. फक्त टोपी हिरवी.

इथवर सगळा थट्टेचा मामला होता. शे-दोनशे रुपये जातात, साडूंना समाधान मिळतं, सणासुदीला बोलायला विषय होतो. माझं भांडण आहे ते पाचव्या मुद्द्याशी : "नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, आणि हवा बघायची गरजच नाही."

टायर बहुधा जास्त हवेनं नव्हे, कमी हवेनं फुटतं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, दबते आणि सुटते. त्यानं ती आतून तापते, थर सुटायला लागतात, आणि ताशी शंभरच्या वेगात एका क्षणी सगळं संपतं. वरून सामान, आठ माणसं, गुळगुळीत झालेलं रबर आणि काँक्रीटचा सरळ रस्ता. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि टायरांच्या बातम्या येऊ लागल्या. २०२३ मध्ये परिवहन खात्याची माणसं प्रवेशाच्या नाक्यावर टायर तपासायला उभी राहिली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवू लागली. त्यांनी काय पाहिलं? नक्षी पाहिली, झीज पाहिली. आत कोणता वायू आहे, हे महत्त्वाचं नव्हतं. त्याआधी जुलै २०१९ मध्ये रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत टायरात नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. सक्ती झाली नाही. पण पंपावरच्या पाटीला तेवढा विचारही पुरला.

नत्रवायूचं टायरसुद्धा उतरतं. त्यात खिळा तसाच घुसतो, व्हॉल्व्ह तसाच गळतो. पावसाळ्यात एमआयडीसीतल्या खड्ड्यात आदळून त्याची रिम तशीच वाकते. ज्याला 'आता बघायची गरज नाही' असं सांगितलं गेलं, तो बघत नाही. त्यानं पैसे देऊन हवा घेतली नाही, बेफिकिरी घेतली. मुदत ठेवीवर विसंबून हप्ता चुकवणारे लोक मी रोज पाहतो. त्यांना दंड पडतो. इथं दंड बायकामुलांसकट भरावा लागतो.

आणि ह्याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यायची, हे तेल कंपन्यांच्या नियमात आहे. ती काही मेहरबानी नव्हे. हवा हा पंपाच्या सेवेचाच भाग आहे, पिण्याच्या पाण्यासारखा. ही सोय मोटारवाल्यासाठी जेवढी आहे, त्याहून जास्त त्या माणसासाठी आहे, जो महाळुंग्याच्या नाहीतर कुरुळीच्या खोलीतून रात्रपाळीला निघतो. कंत्राटी नोकरी, तिसऱ्या हातातली मोटारसायकल, मागे दोन सोबती. त्याचं मागचं टायर दबलेलं आहे हे त्याला दिसतं. तो पंपावर येतो, पोतं बघतो, खडूची अक्षरं वाचतो, नायट्रोजनचा भाव ऐकतो, आणि म्हणतो, "राहू दे, उद्या बघू." मग तशाच टायरवर तो दोन ट्रेलरच्या मधून अंधारात निघून जातो. ते पोतं आमच्या साडूंना महागात पडत नाही. ते ह्याला पडतं. ज्या यंत्रावर पोतं टाकल्यानं कुणाचा तरी नफा वाढतो, ते यंत्र दुरुस्त व्हायला वेळ लागतोच. पण त्या वेळात रस्त्यावर कोण असतो, ह्याचा विचार पाटी रंगवणाऱ्यानं केलेला नसतो.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. नायट्रोजन विष नव्हे. ज्याला हौस आहे त्यानं जरूर भरावा, हिरव्या टोप्या लावाव्यात, हवं तर त्यांना हळदकुंकू वाहावं. वाटेत गरज पडली तर त्यात साधी हवासुद्धा बिनधास्त भरावी; 'मिक्स करू नका' हे ऐकून कमी हवेवर गाडी दामटू नये. दोन्ही वायू हजारो वर्षं मिक्सच आहेत आणि त्यांचं चांगलं चाललं आहे. पण हौसेला औषध समजू नये.

औषध निराळं आहे आणि ते स्वस्त आहे. दाब मोजायचा एक गेज विकत घ्या. पाच टायरांच्या पहिल्या भरणीच्या पैशात बरा मिळतो. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना मोजा. आकडा शेजाऱ्याला विचारू नका. तो गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो, आणि बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवरही. तिथं फक्त आकडा असतो, वायूचं नाव नसतं, हे पाहून घ्या. स्टेपनी मोजा, संकट येईपर्यंत तिला कुणी विचारत नाही. टायरच्या नक्षीची खोली मोटारीला १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानं ते टायर बाद. टायरवर कोरलेले चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ते साल बघून तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि पंपावर 'मशीन बंद आहे' असं सांगितलं, की निमूटपणे पाकीट काढू नका. तक्रारवही मागा. पंपावर ती ठेवावीच लागते. पहिल्यांदा ती सापडत नाही. दुसऱ्यांदा मागितली की कपाटातून निघते. तिसऱ्यांदा तिचं नाव काढलं, की पोत्याखालचं यंत्र आपोआप सुरू होतं, असा माझा अनुभव आहे. इतका गुणकारी वायू अजून कुठल्या यंत्रानं गाळलेला नाही. जाताना पेन मात्र आपलं घेऊन जा. बँकेतलं नेऊ नका. त्याला दोरी आहे.